जुन्या पिकअपचं सेंट्रल लॉक चालेना? पार्ट बदलण्याआधी दोष असा शोधा

जुन्या डबल कॅब पिकअपचं सेंट्रल लॉक बिघडलं की मालक सहसा दोनपैकी एक मार्ग धरतो. एकतर चावी फिरवून एकेक दार लावायची सवय करून घेतो, नाहीतर ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन अख्खं किट बदलून आणतो. पहिल्यात रोजची कटकट, दुसऱ्यात बहुतेक वेळा विनाकारण खर्च. कारण किट धडधाकट असतं आणि तुटलेली असते ती दार आणि बॉडी यांच्यामधली वीतभर वायर. नव्या किटची वायरही त्याच वाकणाऱ्या जागेतून नेली जाते, आणि घाईत बसवली तर काही काळाने तीही तिथेच तुटते.

हा लेख ज्यांनी दाराचं पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. डोळ्यांसमोर आहेत त्या २००७ साली आलेली स्कॉर्पिओ गेटअवे, २००९ ची टाटा झेनॉन, बोलेरो कॅम्पर अशा गाड्या. यांतल्या काहींना सेंट्रल लॉक कंपनीतूनच आलेलं असतं, तर बऱ्याच गाड्यांना मालकाने नंतर बाजारातलं किट लावून घेतलेलं असतं. वायरचे रंग आणि डबीची जागा यांत फरक पडतो, पण काम करण्याची पद्धत जवळपास एकच. ती पद्धत डोक्यात बसली की दोष शोधणं सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

लॉक चालतं कसं

प्रत्येक दारात लॉकच्या रॉडला जोडलेली एक छोटी मोटर असते. दुकानात तिला ॲक्च्युएटर म्हणतात, काही जण नुसतं ‘लॉक मोटर’ म्हणतात. तिला दोनच वायरी. एका वायरीत प्लस आणि दुसरीत अर्थ (बॉडीतून येणारा बॅटरीचा मायनस) आला की मोटर एका दिशेला फिरते आणि रॉड खाली ओढते. तेच उलट झालं की रॉड वर ढकलते. लॉक आणि अनलॉक दोन्ही कामं याच दोन वायरींवर होतात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

हा प्लस-अर्थचा अदलाबदल डॅशबोर्डखाली बसवलेली डबी करते, म्हणजे कंट्रोल युनिट. तिच्यात दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच असतात, एक लॉकचा आणि एक अनलॉकचा. काम नसताना दोन्ही वायरी डबीच्या आत अर्थला टेकलेल्या असतात. बटण दाबलं की साधारण अर्धा ते एक सेकंद एका वायरीत बारा व्होल्ट येतात आणि पुन्हा सगळं शांत.

ड्रायव्हरच्या दारातली मोटर मात्र वेगळी. तिला पाच वायरी असतात. दोन मोटरच्या आणि तीन आत बसवलेल्या स्विचच्या. तुम्ही ड्रायव्हरचा खटका हाताने दाबता किंवा चावी फिरवता तेव्हा हा स्विच डबीला खबर देतो आणि मग डबी बाकीच्या दारांना हुकूम सोडते. बाजारातल्या किटमध्ये बहुतेक वेळा निळी आणि हिरवी वायर मोटरची, काळी स्विचची कॉमन, आणि पांढरी व तपकिरी लॉक-अनलॉकच्या खबरेची असते. कंपनीच्या वायरिंगमध्ये रंग वेगळे असतात, तिथे रंगावर विसंबू नका, मीटर लावूनच ठरवा.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, फिलिप्स आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, दाराच्या क्लिपा काढायची प्लास्टिकची पट्टी, इन्सुलेशन टेप, थोडी मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची लवचीक) वायर, आणि एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन हातभर वायरी जोडलेला. हा बल्ब या कामात मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो. का, ते पुढे येतंच.

सोबत एक माणूस हवा. एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने दारापाशी बघायचं-ऐकायचं. एकट्याने हे काम होतं, पण फार वेळ खातं.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. चावी खिशात ठेवा आणि ज्या दारावर काम करत नाही अशा एका दाराची काच पूर्ण खाली करा. बिघडलेलं सेंट्रल लॉक मध्येच स्वतःहून लागू शकतं आणि चावी आत राहिली तर काच फोडायची वेळ येते. दुसरं, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर डॅशखालच्या पिवळ्या कपलरना (वायरी जोडणाऱ्या प्लगना) आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना अजिबात हात लावू नका, बल्ब तर मुळीच लावू नका.

पायरी १: आधी ऐका, मग उघडा

बॅटरीपासून सुरुवात. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. बारा व्होल्टच्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. कमजोर बॅटरीवर लॉक अर्धवट ओढलं जातं आणि आपण चांगल्या मोटरवर संशय घेत बसतो. इंजिन चालू केल्यावर लॉक नीट चालतं आणि बंद केल्यावर चालत नाही, असं असेल तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल यांकडेच बोट आहे.

रिमोट असेल तर रिमोट बाजूला ठेवा आणि चावीने किंवा खटक्याने करून बघा. खटक्याने चारही दारं लागतात आणि रिमोटने लागत नाहीत, तर दोष रिमोटचा सेल किंवा रिसीव्हर यांच्यात. दारं उघडायची गरजच नाही. टीव्हीच्या रिमोटसारखा हा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यात चमकत नाही, कारण तो प्रकाशावर नाही, रेडिओ लहरींवर चालतो. त्यामुळे कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून रिमोट टाकून देऊ नका.

आता सोबत्याला ड्रायव्हरचा खटका दाबायला सांगा आणि तुम्ही एकेका दाराला कान लावा. डॅशखालून ‘कट्’ असा रिलेचा आवाज येतो का? दारातून ‘खट्’ असा जोरकस आवाज येतो, की नुसती मरगळलेली घरघर, की काहीच नाही? या दोन मिनिटांत अर्धा शोध संपतो.

चारही दारं गप्प आणि डॅशखालीही शांतता, तर फ्यूज, डबीचा सप्लाय, अर्थ किंवा ड्रायव्हरच्या दारातला स्विच. डॅशखाली कट् वाजतं पण दारांत काही नाही, तर डबीपर्यंत सगळं ठीक आहे, पुढे करंट जात नाही. तीन दारं चालतात आणि एकच नाही, तर डबी आणि फ्यूज विसरून जा, त्या एका दाराकडे जा. चारही दारं लॉक होतात पण अनलॉक होत नाहीत, तर एक रिले किंवा खबर देणारी एक वायर.

आणि एकच दार, तेही एकाच दिशेने चालत नाही? इथे मघाची गोष्ट आठवा. लॉक आणि अनलॉक त्याच दोन वायरींवर होतं. वायर तुटली असती तर दोन्ही बंद पडलं असतं. म्हणजे हा दोष बहुतांशी यांत्रिक आहे: रॉड वाकलाय, मोटरचा पत्रा सरकलाय किंवा लॉक कोरडं पडून जड झालंय. या एका विचाराने पुष्कळ वायरिंग न खोलता वाचतं.

मागच्या दाराची तक्रार ‘आतून उघडत नाही’ एवढीच असेल तर आधी चाइल्ड लॉक बघा. दाराच्या कडेला असलेला तो छोटा खटका माल भरताना, दोरी अडकवताना चुकून फिरतो.

पायरी २: चारही दारं बंद असतील तर

फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये सेंट्रल लॉकचा फ्यूज कोणता ते लिहिलेलं असतं. बाहेरच्या किटला बऱ्याचदा फ्यूज बॉक्समध्ये जागाच नसते, त्याचा फ्यूज डबीजवळच वायरीत अडकवलेल्या होल्डरमध्ये असतो, म्हणून डॅशखाली वाकून बघावं लागतं. फ्यूज नुसता बघून ठरवू नका. चपट्या फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांना लावा. सप्लाय चालू असताना दोन्हीकडे बारा व्होल्ट आले तर फ्यूज शाबूत. एकीकडे येतात आणि दुसरीकडे नाही, तर उडालेला. दोन्हीकडे नाही, तर दोष फ्यूजच्या अलीकडे.

फ्यूज बदलताना त्याच आकड्याचा घाला. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे दारातली वायर जाळायला परवानगी देणं.

नवा फ्यूजही उडाला तर तो कधी उडतो ते बघा. घालताक्षणी उडाला तर फ्यूजपासून डबीपर्यंतच्या वायरीत किंवा डबीत शॉर्ट आहे. घातल्यावर टिकला पण लॉक करताना उडाला, अनलॉक करताना नाही, तर दाराकडे जाणाऱ्या दोनपैकी एकच वायर सोलून बॉडीला टेकली आहे. ती वायर शांत असताना अर्थलाच असते, म्हणून काही कळत नाही. तिच्यात बारा व्होल्ट सोडले की उघड पडते. आता एकेका दाराची लाइन डबीच्या बाजूने सुटी करत करंट सोडून बघा. जी सुटी केल्यावर फ्यूज टिकला, ती लाइन दोषी.

फ्यूज ठीक असेल तर डबी शोधा. बहुधा स्टिअरिंगखाली किंवा ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या पायाजवळच्या पॅनेलमागे असते. सोबत्याला खटका दाबायला सांगून कट् या आवाजाचा माग काढा. कपलर न काढता, मागच्या बाजूने मीटरची पिन हलकेच घालून प्लस वायरीत बारा व्होल्ट आहेत का बघा.

मग अर्थ. हा भाग घाईने उरकू नका, कारण जुन्या पिकअपमध्ये गंज इथेच बसतो. मीटर व्होल्टवर ठेवा, लाल पिन डबीच्या अर्थ वायरीला आणि काळी थेट बॅटरीच्या मायनसला. सोबती बटण दाबेल त्या क्षणी आकडा वाचा. काही दशांश व्होल्टच्या आत असेल तर चालेल. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त उडी मारत असेल तर अर्थचा बोल्ट खोला, पत्र्याचा गंज-रंग सॅण्डपेपरने चमकेपर्यंत काढा, बोल्ट कसा आणि वर थोडं ग्रीस लावा. मीटरने ओहममध्ये मोजलेला अर्थ इथे फसवतो. करंट वाहत असताना मोजलेलाच खरा.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही ठीक, तरी डबी गप्प? मग तिला खबर मिळतेय का ते बघायचं. बाजारातल्या किटमध्ये, रंग आधी मीटरने खात्री करून, स्विचच्या पांढऱ्या वायरीला डबीपाशी क्षणभर अर्थ द्या. नंतर तपकिरीला. एकाने चारही दारं लॉक आणि दुसऱ्याने अनलॉक झाली, तर डबी आणि मोटरी सगळ्या निर्दोष. दोष ड्रायव्हरच्या दारातल्या स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरीत. एकाच वायरीवर काम झालं आणि दुसरीवर नाही, तर डबीतला तो रिले गेला. कंपनीच्या वायरिंगमध्ये हा प्रयोग वायरिंगचा नकाशा समोर असल्याशिवाय करू नये. तिथे प्लस देऊन चालणारे स्विचही असतात.

पायरी ३: एकच दार बंद असेल तर

दार उघडा ठेवून सुरुवात करा. लॉकच्या तोंडातला फिरणारा आकडा स्क्रू ड्रायव्हरने फिरवून ‘बंद’ स्थितीत आणा आणि सेंट्रल लॉक चालवून बघा. आता चाललं आणि दार बंद केल्यावर चालत नाही, तर विजेचा दोष नाही. बिजागरी झिजून दार लटकलंय आणि लॉक पिलरवरच्या (दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या) अडण्यात, म्हणजे आकडा ज्यात अडकतो त्या कडीत, ताणून बसतंय. दार बंद असताना ते आत दाबून धरा. दाबल्यावर लॉक लागलं तर खात्रीच. अडणं थोडं सरकवून हे सुटतं. प्रयोगानंतर बाहेरचं हँडल ओढून आकडा परत उघडायला विसरू नका, नाहीतर दार आपटताच तो अडण्यावर ठेचला जाईल. काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडं असताना खटका मुद्दामच लागू दिलेला नसतो, म्हणून हा प्रयोग बाकीच्या दारांवर करा.

आता पॅड काढायचं. आतल्या हँडलच्या वाटीतला, हात ठेवायच्या पट्टीखालचा आणि असल्यास कोपऱ्यातला असे स्क्रू काढा. काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे इंग्रजी ‘यू’ आकाराची स्प्रिंगची क्लिप असते. फडक्याची कड हँडलमागे घालून दोन्ही बाजूंना ओढली की ती सुटते. उडून जाते, लक्ष ठेवा. मग खालच्या कडेपासून प्लास्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा. या दाराची काच वर ठेवा म्हणजे आत हात घालायला जागा मिळते. आत प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असेल तो फाडू नका, कोपऱ्यातून हळू सोडवून मागे गुंडाळा.

आधी हाताने बघा. मोटरच्या पत्र्याचे स्क्रू घट्ट आहेत का? बाहेरच्या किटमध्ये मोटरचा रॉड मूळ रॉडला दोन स्क्रूच्या जॉइंटने जोडलेला असतो आणि दार आपटून आपटून तो जॉइंट घसरतो. मोटर पूर्ण फिरते, घर्र वाजते, पण रॉड निम्माच सरकतो. या मोटरचा एकूण प्रवासच दोनेक सेंटीमीटरचा, त्यात पाच-सात मिलिमीटर घसरले की लॉक पूर्ण लागत नाही. जॉइंट ढिला करा, मोटर आणि खटका दोन्ही एकाच टोकाला आणून परत कसा.

मग जॉइंट सोडवून नुसता खटका बोटाने वर-खाली करा. जड वाटला तर मोटर बदलून काही होणार नाही. लॉकमध्ये आधी साफ करणारा स्प्रे मारा, माती-जुनं ग्रीस वाहून जाऊ द्या, मग पांढरं ग्रीस लावा. आपल्याकडच्या धुळीत पातळ तेल टाकलं तर महिन्याभरात त्याचा चिखल होतो.

रॉड मोकळा आहे, मोटर तरी हलत नाही. आता बल्ब काढा.

मोटरचा कपलर काढा आणि गाडीकडून येणाऱ्या दोन वायरींमध्ये बल्ब जोडा. सोबत्याला लॉक आणि अनलॉक करायला सांगा. दोन्ही वेळा बल्ब झगझगीत लुकलुकला तर वायरिंग ठीक, मोटर गेली. बल्ब लागलाच नाही किंवा मिणमिणला तर वायरीत दोष.

मीटर का नको? मीटरला करंट जवळपास लागतच नाही. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. मोटर ओढते काही अँपिअर, आणि एवढा करंट त्या एका तारेतून जात नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून तो वायरीची खरी ताकद सांगतो. देवगडकडे आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या एका पिकअपचं मागचं डावं दार असंच कधी लागायचं, कधी नाही. मोटर बदलून झाली होती. मीटरवर दर वेळी बाराच्या वर आकडा चमकायचा. बल्ब लावला तर तो लालसर, जेमतेम उजळला. दार आणि पिलर यांच्यामधली, वायरी ज्यातून जातात ती रबरी नळी मागे सरकवली तेव्हा निळी वायर वरून अखंड दिसत होती, पण दोन बोटांत धरून ओढली की रबरासारखी लांबायची. आत तांबं तुटलं होतं आणि कापल्यावर हिरवट भुकटी बाहेर पडली.

बल्ब लागला नाही तर कोणती वायर तुटली ते असं शोधा: बल्बचं एक टोक बॉडीच्या साफ पत्र्याला आणि दुसरं एका वायरीला. चांगली वायर असेल तर लॉक किंवा अनलॉक यांपैकी एका वेळी बल्ब लागेल. मग दुसरी वायर. जिच्यावर दोन्ही वेळा अंधार, ती तुटलेली.

आता तुटली कुठे? पुढच्या दारासाठी पायाजवळचं पॅनेल आणि मागच्या दारासाठी मधल्या पिलरचं खालचं कव्हर काढून बॉडीच्या आतल्या बाजूला त्याच रंगाच्या वायरी शोधा आणि बल्ब तिथे लावा. तिथे लख्ख लागला आणि दारात नाही, तर तुटलेली जागा दार आणि पिलर यांमधल्या रबरी नळीतच. जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी इथेच बघतो, विशेषतः ड्रायव्हरच्या दारात. दार उघडलं-मिटलं की वायर तिथेच वाकते, आणि दिवसभर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या गाडीचं ड्रायव्हरचं दार किती वेळा उघडतं ते सांगायला नको. बल्ब लावलेला असताना बटण दाबत दार पुढे-मागे हलवा. मध्येच लागला, मध्येच विझला, तर नळी सोलायला घ्या.

मोटरच संशयित असेल तर बदलण्याआधी एकदा थेट करंट देऊन बघा. कपलर काढलेला असू द्या. बॅटरीवरून दोन वायरी आणा, प्लसच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज घाला आणि मोटरच्या दोन पिनांना क्षणभरच टेकवा, मग उलट करून टेकवा. पाच वायरींच्या मोटरवर हा प्रयोग फक्त मोटरच्या दोन पिनांवर करायचा, स्विचच्या पिनांवर नाही. सेकंदापेक्षा जास्त वेळ धरू नका. बऱ्याच मोटरींमध्ये गरम झाल्यावर करंट तोडणारा भाग असतो, त्यामुळे लागोपाठ आठ-दहा वेळा चालवली तर चांगली मोटरही गप्प होते. अशा वेळी पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर चालू होणारी मोटर मात्र बदलाच, तिचे कार्बन संपत आलेत. बाजारात दोन वायरींची आणि पाच वायरींची मोटर वेगवेगळी मिळते. ड्रायव्हरच्या दारासाठी पाच वायरींचीच मागा.

लॉक लागतं आणि लगेच स्वतःच उघडतं

या तक्रारीत लोक सर्रास डबी बदलतात. दोष बहुधा ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरच्या बसवणीत असतो. मोटर पूर्ण टोकापर्यंत पोचत नाही, आतला स्विच अजून ‘अनलॉक’च सांगत राहतो, आणि डबी ते ऐकून सगळी दारं उघडून टाकते.

मोटरचा कपलर काढा, मीटर बीपवर ठेवा. एक पिन काळ्या वायरीच्या पिनेला, दुसरी पांढरीला. खटका एका टोकाला असताना बीप, दुसऱ्या टोकाला असताना शांतता यायला हवी. तपकिरीला बरोबर उलट. दोन्हींवर एकाच वेळी बीप किंवा दोन्ही टोकांना कुठेच बीप नाही, तर स्विच गेला. स्विच चांगला असेल तर मोटरची जागा सुधारा: खटका मधोमध, मोटरचा रॉडही मधोमध, आणि अशा स्थितीत जॉइंट कसा. म्हणजे दोन्ही दिशांना सारखा प्रवास मिळतो. पावसातच हा त्रास होत असेल तर दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बघा. चिखलाने बुजली की दारात पाणी साचतं आणि कपलरच्या पिना गंजतात.

तुटलेली वायर जोडताना

बॅटरीचा मायनस काढा. नुसती दोन टोकं पिळून टेप लावली तर ती वाकणाऱ्या जागीच परत सुटतील. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, एक जोड दाराच्या आत आणि एक पिलरच्या आत येईल एवढी नवी मल्टिस्ट्रँड वायर घाला. एक चौरस मिलिमीटरची पुरते. एकच कडक तार असलेली घरातली वायर कधीही वापरू नका. जोडाला सोल्डरचा डाग द्या, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला, आणि एकाहून जास्त वायरी जोडायच्या असतील तर जोड एकाच ठिकाणी न आणता मागे-पुढे ठेवा. दार पूर्ण उघडल्यावर वायरीला ताण येता कामा नये आणि मिटल्यावर ती चिमटीत सापडता कामा नये. एक वायर तुटली असेल तर त्याच नळीतल्या बाकीच्या वायरीही ओढून बघा, पॉवर विंडोची आणि स्पीकरचीही. नळी फाटली असेल तर बदला, आणि तिची दोन्ही तोंडं पत्र्याच्या भोकात नीट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी थेट पिलरमध्ये जातं.

पॅड लावण्याआधी

पॅड बाहेर असतानाच दार बंद करून, उघडून, काच पूर्ण वर-खाली करून सेंट्रल लॉक चालवून बघा. काच खाली येताना वायरीला किंवा रॉडला घासत असेल तर वायरी केबल टायने पत्र्याला बांधा. ड्रायव्हरच्या दारावर काम केलं असेल तर चावीने बाहेरून, खटक्याने आतून आणि रिमोटने, तिन्ही रीतींनी तपासा.

प्लास्टिकचा कागद जागेवर चिकटवाच. तो नसला तर काचेच्या पट्टीतून झिरपलेलं पाणी पॅडच्या पुठ्ठ्यात मुरतं आणि दोन पावसाळ्यांत पॅड फुगतं. चिकटपणा गेला असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी ब्यूटाइलची पट्टी काच बसवणाऱ्यांकडे मिळते. क्लिपा मोडल्या असतील तर नव्या घाला, नाहीतर पॅड खडखडत राहील.

इथवर येऊनही डबी दगा देत असेल, किंवा कंपनीच्या वायरिंगमध्ये खबरेची वायर सापडत नसेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. जाताना कोणत्या दाराला, कोणत्या दिशेला, बल्ब कुठपर्यंत लागला आणि अर्थवर किती व्होल्ट आले हे कागदावर लिहून न्या. ‘सेंट्रल लॉक चालत नाही’ असं सांगितलं तर तो पहिल्यापासून सुरू करेल. ‘मागच्या उजव्या दारात हिरवी वायर पिलरपर्यंत चांगली आहे’ असं सांगितलं तर त्याचा आणि तुमचाही निम्मा वेळ वाचेल.